दहा मिनिटांसाठी घडवलेली पेटी

दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस हातात घेतला तर साडेचार-पाच किलो भरतो. झाकण उघडले की लक्षात येते, जवळजवळ सगळे वजन दोनच वस्तूंचे आहे. एक म्हणजे १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-तासांची शिशाची बॅटरी आणि दुसरी लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. सारे निर्णय घेणारा सर्किट बोर्ड त्यांच्यापुढे मूठभर वजनाचा. त्यावर चार-पाच रिले (विजेने हलणारे स्विच), अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकला आवळलेले मॉस्फेट (अर्धवाहक स्विच), काही कॅपॅसिटर आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. एवढ्याच सामानातून पुढचे सगळे प्रश्न निघतात.

झाकण उघडण्याचा मोह होणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. प्लग काढला म्हणजे यूपीएस निर्जीव होत नाही. तो बॅटरीवर चालू होऊन २३० व्होल्ट देऊ शकतो. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना किंवा हातातली अंगठी टेकली तर शंभराहून अधिक अ‍ॅम्पिअरचा प्रवाह क्षणात वाहतो आणि धातू लाल होतो. शिवाय स्वस्त यूपीएसमधला नियंत्रणाचा भाग मेन लाइनपासून विलग केलेला असेलच असे नाही. म्हणून प्लग आणि बॅटरीची वायर, दोन्ही सोडवल्याशिवाय आत बोट घालू नये.

या यंत्राचा इतिहास इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीचा आहे. अखंड वीजपुरवठ्याच्या यंत्रणेचे पेटंट अमेरिकेत जॉन हॅन्ली यांना १९३४ साली मिळाले. पुढे बराच काळ मोठ्या ठिकाणी मोटर, जनित्र आणि जडचक्र एकाच दांड्यावर फिरत असत. वीज गेली तरी चक्राचा वेग काही सेकंद जनित्राला फिरते ठेवी आणि तेवढ्यात डिझेल इंजिन सुरू होई. आजही काही मोठ्या केंद्रांत अशी चक्रे आहेत. घरच्या आणि कचेरीच्या टेबलाखाली यूपीएस आला तो मात्र अर्धवाहकांमुळे. आधी थायरिस्टर, मग मॉस्फेट आणि आयजीबीटी. त्यातल्या आयजीबीटीला व्यवहारात आणण्याचे मोठे श्रेय मद्रासच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत गेलेल्या जयंत बालिगा यांचे. आज मोठ्या यूपीएसमधले जड काम हाच घटक करतो.

यूपीएसच्या मुख्य घराण्यांना बाजारात ऑफलाइन, लाइन-इंटरॅक्टिव्ह आणि ऑनलाइन म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकाने ती वेगळ्या निकषावर विभागली आहेत आणि तो निकष मला अधिक उपयोगी वाटतो. बाहेर पडणारी वीज आत येणाऱ्या विजेवर किती अवलंबून आहे, एवढेच तो विचारतो. ऑफलाइनमध्ये येणारा दाब आणि वारंवारता जशीच्या तशी पुढे जाते. लाइन-इंटरॅक्टिव्हमध्ये दाब सावरला जातो, वारंवारता तीच राहते. ऑनलाइनमध्ये दोन्ही नव्याने घडवली जातात. ऑफलाइनचे वर्णन एका वाक्यात संपते: लाइन असेपर्यंत फिल्टरमधून सरळ रस्ता, लाइन गेली की रिले पडतो आणि इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसीची एसी करणारा भाग, जोडला जातो. आपल्याकडे टेबलाखाली जे बहुतांश यूपीएस दिसतात ते दुसऱ्या घराण्यातले, म्हणून तिथे थोडे थांबू.

लाइन-इंटरॅक्टिव्ह रचनेचे कौशल्य तिच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. एकच बैल नांगराला, मोटेला आणि गाडीला जुंपावा, तसा हा एकच ट्रान्सफॉर्मर तीन कामे करतो. लाइन चालू असताना तो स्टॅबिलायझर असतो. फीडरच्या शेवटच्या घरात संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला की एक रिले ‘टक’ करून गुंडाळीचा दुसरा टॅप जोडतो आणि पुढे २१०च्या आसपास दाब जातो. दाब फार वाढला तर दुसरा रिले तो खाली आणतो. पावसाळी रात्री यूपीएसमधून सतत टकटक ऐकू येते ती या रिलेंची. त्याच वेळी कमी दाबाची गुंडाळी अनेक रचनांत बॅटरी चार्ज करत असते. लाइन गेली की सगळे उलटे होते. मॉस्फेट बॅटरीचे १२ व्होल्ट सेकंदाला पन्नास आवर्तने होतील अशा बेताने आलटून-पालटून त्याच गुंडाळीला देतात आणि दुसऱ्या बाजूने २३० व्होल्ट बाहेर येतात. स्टॅबिलायझर, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचे लोखंड आणि तांबे एकाच वस्तूत बसले, म्हणून ही पेटी सामान्य माणसाला परवडते.

आता प्रवाहाचा हिशेब पाहा. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरांत बहुधा ३६० वॅट लिहिलेले असते. खरा भार तोच. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३६० वॅट काढायचे तर ३० अ‍ॅम्पिअर लागतात आणि वाटेतली गळती धरली तर ३५च्या पुढे. बॅटरीकडून येणाऱ्या तारा एवढ्या जाड का, मॉस्फेट दोन-दोन, तीन-तीन शेजारी का लावतात, याचे उत्तर इथे आहे. इतका प्रवाह तासन्‌तास वाहिला तर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचे इन्सुलेशन करपेल. पण दीड-दोन किलो धातू तापायला काही मिनिटे लागतात आणि रचनाकाराने नेमका याचाच आधार घेतलेला असतो. ट्रान्सफॉर्मर धोक्याच्या तापमानाला पोचण्याआधी बॅटरी संपणार हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मर, लहान हीटसिंक आणि बऱ्याचदा पंखाच नाही, अशी रचना चालून जाते. मी याला लबाडी म्हणणार नाही. फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ मिळवून देणे, हे ठरवलेले काम ती चोख करते.

अडचण होते ती आपण तिच्याकडून दुसरे काम मागतो तेव्हा. महाराष्ट्रात २००५नंतर भारनियमनाची वर्षे आली. त्या काळात लहान यूपीएसची आतली बॅटरी काढून त्याला बाहेरून १५० अ‍ॅम्पिअर-तासांची मोठी बॅटरी जोडून देण्याचा उद्योग गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांतून चालला. गरज खरी होती आणि जोडणी चालतही असे. पण एक तर दहा मिनिटांसाठी घडवलेला ट्रान्सफॉर्मर तासभर तापू लागला. दुसरे म्हणजे, ७ अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीसाठी बसवलेला चार्जर एक अ‍ॅम्पिअरच्या आसपासच प्रवाह देतो. त्याला १५० अ‍ॅम्पिअर-तास भरायला दीडशे तास, म्हणजे सहा दिवसांहून जास्त वेळ हवा. भारनियमन रोजचे होते. ती बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही आणि अर्धवट भरलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसून ती वेळेआधी गेली. दोष मात्र बॅटरीला लागला.

त्याच गरजेतून घरोघरी पोचलेला इन्व्हर्टर हे खरे तर वेगळे यंत्र. त्याचा ट्रान्सफॉर्मर तासांच्या हिशेबाने मोठा असतो, चार्जर दहा-पंधरा अ‍ॅम्पिअर देतो आणि बॅटरी ट्युब्युलर असते, तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. पण पंखा-दिव्यांना क्षणभराचा खंड चालतो, म्हणून त्याची अदलाबदल सावकाश होते. त्याच्या मागच्या बाजूला ‘यूपीएस’ असे लिहिलेले छोटे बटण बऱ्याचदा असते. ते दाबले की इन्व्हर्टर दाबाची मर्यादा आखडून घेतो आणि अदलाबदल लवकर करतो. घरातला संगणक इन्व्हर्टरवर असूनही वीज जाताच बंद पडत असेल, तर आधी हे बटण पाहावे.

किती लवकर म्हणजे पुरेसे? आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, अर्धे १० चे. लाइन गेल्याचे ओळखून रिले हलेपर्यंत चांगल्या यूपीएसला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ संगणक जगतो तो त्याच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर. समजा तो २२० मायक्रोफॅरडचा आहे आणि ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला आहे. २५० व्होल्टपर्यंत उतरेस्तोवर तो पावणेपाच ज्यूल ऊर्जा देतो. संगणक २०० वॅट खात असेल तर ही ऊर्जा तेवीस-चोवीस मिलिसेकंद पुरते. म्हणजे यूपीएसची अदलाबदल आणि संगणकाचा तग यांचा मेळ जमला पाहिजे. कॅपॅसिटर जुना होऊन त्याची धारकता निम्मी झाली की हाच मेळ चुकू शकतो आणि लोक यूपीएस बिघडला असे समजतात.

लाइन ‘गेली’ हे ठरवणेही सोपे नाही. मायक्रोकंट्रोलर येणाऱ्या विजेचा दाब सतत मोजतो, अपेक्षित लाटेशी ताडून पाहतो आणि आपले घड्याळ तिच्या लयीशी जुळवून ठेवतो, जेणेकरून इन्व्हर्टर उचल घेईल ती लाटेच्या त्याच वळणावर. तो फार संवेदनशील केला तर शेजारची पाण्याची मोटर सुरू होताच यूपीएस बॅटरीवर उडी मारेल आणि बॅटरी उगाच झिजेल. फार सहनशील केला तर संगणक रीस्टार्ट होईल. सोसायटीचा जनरेटर सुरू झाला तरी यूपीएस बॅटरीवरच अडून राहतो, ही तक्रार अनेकांनी केलेली असते. त्यामागचे कारण हेच: जनरेटरची वारंवारता भाराबरोबर हलते आणि यूपीएसला ती लाइन विश्वासाची वाटत नाही.

बॅटरीवर असताना बाहेर येणारी लाट साध्या यूपीएसमध्ये गोलाईची नसते, पायरीसारखी असते. हा आकार आळसातून आलेला नाही, त्यामागे नेटके गणित आहे. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ व्होल्ट असते. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात निम्मा वेळ ३२५ आणि निम्मा वेळ शून्य ठेवले तर परिणामी दाब, म्हणजे आरएमएस मूल्य, बरोबर २३० येतो. म्हणजे शिखर आणि परिणामी दाब, दोन्ही खऱ्या लाटेशी जुळतात. संगणकाचा साधा पॉवर सप्लाय शिखरावर जगतो, दिवा परिणामी दाबावर, दोघांचे भागते. भागत नाही ते पंख्याच्या मोटरचे, ती घरघरते आणि तापते. भागत नाही ते अ‍ॅक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन असलेल्या काही नव्या पॉवर सप्लायचे. त्यांचे नियंत्रण गोल लाट गृहीत धरून रचलेले असते आणि पायरीच्या उभ्या कडेला ते प्रवाहाचा झटका ओढतात. कधी यूपीएस जादा भाराची शिटी वाजवून बंद होतो, तर कधी संगणक. महागडा संगणक घेणाऱ्याने शुद्ध साइन लाटेचा यूपीएस घ्यावा, असे मी स्पष्ट सांगेन. इथे काटकसर टिकत नाही.

शुद्ध लाट घडवायला मॉस्फेट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, प्रत्येक वेळी उघडे राहण्याचा काळ किंचित बदलतात आणि पुढचा फिल्टर त्यातून गोलाई काढतो. ऑनलाइन यूपीएस हेच काम चोवीस तास करतो. येणारी एसी आधी डीसी होते, डीसीतून पुन्हा एसी घडते आणि बॅटरी मधल्या डीसीला टेकलेली असते. लाइन गेली तरी पुढच्या उपकरणाला कळत नाही, कारण अदलाबदल होतच नाही. आतच काही बिघडले तर स्टॅटिक बायपास नावाचा थायरिस्टरचा स्विच भार सरळ लाइनवर टाकतो. हा बायपास म्हणजे ऑनलाइन रचनेची कबुलीच आहे की सतत चालणारे यंत्र कधीतरी थकणार. इस्पितळातल्या प्रयोगशाळा, बँका, नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर यांना दुसरा पर्याय चालत नाही.

पण दुहेरी रूपांतराची किंमत रोज मोजावी लागते. भार २००० वॅट आणि कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर सुमारे १७४ वॅट नुसत्या उष्णतेत जातात. दिवसाला चारहून अधिक युनिट, महिन्याला सव्वाशेच्या आसपास. ती उष्णता बाहेर काढायला पंखे, पंख्यांबरोबर धूळ, धुळीबरोबर पुन्हा उष्णता. छोट्या कचेरीत कोणी चार संगणकांसाठी ऑनलाइन यूपीएस सुचवला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. मोठ्या यूपीएसमधून आता लोखंडी ट्रान्सफॉर्मर जवळजवळ गेला आहे. वजन घटले, कार्यक्षमता वाढली, पण विलगीकरणही गेले. अशा ठिकाणी येणारा न्यूट्रल सैल असेल तर त्याचे परिणाम थेट पुढच्या उपकरणांपर्यंत जातात. म्हणून न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून घेतल्याखेरीज बसवणी पुरी झाली, असे मानू नये.

इथवर जे सांगितले ते वीज जाते त्या क्षणाबद्दल. पण एखाद्या घरात वीज दिवसाला अर्धा तास जात असेल, तर उरलेले साडेतेवीस तास यूपीएस एकच काम करत असतो, बॅटरी सांभाळण्याचे. माझ्या मते रचनेचा कस इथे लागतो, आणि जाहिरातीत या भागाचा उल्लेखही नसतो.

सीलबंद शिशाच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टची सहा घरे असतात. ती भरल्यानंतर तिला साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर ठेवायचे असते. त्याहून कमी ठेवली तर सल्फेट साचते. जास्त ठेवली तर आतले पाणी हळूहळू उडून जाते आणि सीलबंद बॅटरीत ते परत घालता येत नाही. ही पट्टी आधीच अरुंद आहे, शिवाय ती तापमानाबरोबर सरकते. दर अंशाला प्रत्येक घरामागे सुमारे ३ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात यूपीएसच्या पोटात सहज ४५ अंश भरतात. २५ अंशांना योग्य असलेला दाब तिथे सुमारे ०.३६ व्होल्टने खाली आणायला हवा. स्वस्त चार्जर तो आणत नाही. उष्णतेचा स्वतःचा मार वेगळाच: तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य अंदाजे निम्मे होते. आणि पुष्कळ पेट्यांमध्ये बॅटरी बसवलेली असते ती नेमकी गरम ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. दोघांमध्ये दोन बोटांचे अंतर आणि झाकणाला चार जास्त भोके एवढ्याने फरक पडला असता. फुगून खोबणीत अडकलेली बॅटरी उपसून काढताना दर वेळी मला याची चीड येते.

बॅटरीवरचा आकडाही समजून घ्यायला हवा. ७ अ‍ॅम्पिअर-तास हे माप वीस तासांत सावकाश रिकामी केल्यावर मिळते, म्हणजे ०.३५ अ‍ॅम्पिअरने. कागदावर १२ गुणिले ७, ८४ वॅट-तास, म्हणून ३६० वॅटच्या भाराला चौदा मिनिटे. प्रत्यक्षात ३५ अ‍ॅम्पिअरने ओढले की तिच्यातले निम्मेही हाती लागत नाही आणि चार-पाच मिनिटांत दाब कोसळतो. एक साधा संगणक आणि पडदा मिळून १२० वॅट असतील तर नवी बॅटरी पंधरा-वीस मिनिटे देते. म्हणून भार निम्मा केला तर वेळ दुपटीहून जास्त वाढतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर का जोडू नये, याचेही कारण इथे आहे. त्याचा आतला तापक एकटाच यूपीएसच्या कुवतीपलीकडे प्रवाह ओढतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीमुळे यातले बरेच बदलत आहे. तिचे घर ३.२ व्होल्टचे, वजन कमी, उष्णता आणि खोल उपसा ती शिशापेक्षा चांगला सोसते. पण प्रत्येक घरावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र बोर्ड तिला लागतोच, आणि शिशासाठी जुळवलेल्या जुन्या यूपीएसमध्ये ती तशीच टाकणे चुकीचे. वाय-फाय राउटरसाठी मिळणारी हातभर लांबीचीही नसलेली पेटी मला रचनेच्या दृष्टीने सर्वांत समंजस वाटते. राउटरला मुळात १२ व्होल्ट डीसीच हवी असते. मोठा यूपीएस बॅटरीच्या डीसीची एसी करतो, मग राउटरचा अडॅप्टर तिची परत डीसी करतो. ही पेटी ते दोन्ही फेरे टाळून बॅटरीतून थेट डीसी देते आणि इवल्याशा सेलवर काही तास काढते.

सुरक्षिततेची एक बाब खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. यूपीएस बॅटरीवर असताना त्याच्या प्लगच्या पिनांवर दाब उलटा येता कामा नये. आला तर प्लग काढणाऱ्याच्या बोटांना झटका बसेल. रिलेचा एक संपर्क चिकटून बसला तर हे होऊ शकते, म्हणून मानक त्यासाठी वेगळी सोय मागते. आपल्याकडे १० केव्हीएपर्यंतच्या यूपीएसना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावरची ती खूण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरी किंवा कचेरीत यूपीएस असेल तर एवढे करा. त्यात नवी बॅटरी बसवली त्या दिवसाची तारीख मार्करने पेटीवर लिहा. तीन महिन्यांतून एकदा कामे जतन करून सॉकेटचे बटण बंद करा आणि यूपीएस किती मिनिटे टिकतो ते त्या तारखेखाली मांडा. प्लग उपसून ही चाचणी करू नका, कारण त्याने अर्थिंगही सुटते. बटणाने फक्त फेज तुटतो. मिनिटे निम्म्यावर आली की बॅटरी बदला, आणि जुनी भंगारवाल्याला न देता नवी घेतली त्या दुकानात परत करा. बॅटरी कचरा व्यवस्थापनाच्या २०२२च्या नियमांनुसार तिची पुढची जबाबदारी उत्पादकाची आहे.